नेस्टरची शेवटची विक्री

नेस्टर हावरिशइतका वाईट विक्रेता आमच्या कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या मैदानात दुसरा झाला नाही. कालवड विकायला काढली की गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत हा सांगून मोकळा, "हिला कुंपण ओलांडायची खोड आहे बरं का." गवताचे गठ्ठे विकताना वरचे भिजलेले स्वतःच बाजूला काढायचा. त्याची बायको स्टेफा कपाळावर हात मारून घ्यायची.

"अरे म्हाताऱ्या, एखादा गुण तरी सांगत जा!"

"गुण त्यांना दिसतातच की," तो म्हणायचा. "दिसत नाही ते सांगायला नको?"

मी त्यांची शेजारीण, म्हणजे दोन शेतं सोडून पलीकडची. शाळेची बस चालवण्यात माझा जन्म गेला, आणि ती बस बर्फात रुतली की नेस्टरच येऊन ओढून काढायचा. तेव्हा त्याच्या भलेपणाबद्दल मी वाईट बोलू नये. पण बोलते. एवढा भलेपणा जवळून बघायला सोपा नसतो, कधीकधी डोक्यात जातो.

बस ओढायची ती त्याच्या निळ्या डिझेल पिकअपने. निळी म्हणजे एके काळची. पुढे चाकांवरचा पत्रा गंजून तपकिरी झाला होता. सहा लाख किलोमीटरच्या पुढे पळालेली गाडी. अर्ध्या गावाची गुरं तिने बाजाराला नेली, आणि त्यांच्या मुलाची, पॅव्हलोची, शवपेटीसुद्धा तिच्यातूनच गेली, कारण त्या दिवशी दुसरी कुठली गाडी सुरूच होईना. इंजिन नेस्टरने कुणाला हात लावू दिलं नव्हतं. तेल बदलायचा तोच, आणि ऐकत बसायचा तोच.

आमच्याकडच्या थंडीत डिझेल गाडी रात्रभर उघड्यावर उभी राहिली की सकाळी इंजिन दगड होतं. म्हणून प्रत्येक घरापुढे एक खांब असतो, त्यावर सॉकेट. इंजिनमध्ये बसवलेल्या हीटरची वायर गाडीच्या नाकातून बाहेर लोंबत असते, ती रात्री त्या सॉकेटला लावायची. हावरिशांच्या घरी हे काम स्टेफाचं. नेस्टर गाडी आणून उभी करायचा, हातपाय धुवायचा, आणि स्टेफा जेवणाची भांडी उरकली की सपाता घालून अंगणात जायची, वायर लावायची आणि आत येऊन म्हणायची, "जनावर बांधलं गं बाई." घरात मी असले-नसले तरी ती असंच म्हणायची. मग दोघं झोपायची. कमरेचं ऑपरेशन झाल्यावर तिचा डावा पाय जरा घासत पडायचा, तरी हे काम तिने सोडलं नाही.

मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग चुलीवरची किटली. एका उन्हाळ्यात तिने कुरणाचं फाटक उघडं टाकलं आणि दोन वासरं हमरस्त्यावर ट्रकखाली गेली. नेस्टरने तिला सांगितलं, रागावून नाही, नुसतं सांगितलं. ती दिवसभर रडली. संध्याकाळी विसरली आणि विचारलं, "वासरं कुठायत?" त्याने पुन्हा सांगितलं. ती पुन्हा तितकीच रडली. तिसऱ्या वेळेला त्याने सांगितलं, "विकली." आयुष्यातलं त्याचं पहिलं खोटं ते असावं. त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात बसून तो म्हणाला, "'हे तू केलंस' असं मी तिला परत कधी सांगणार नाही. तिला अजून सगळं कळतं, हीच तर पंचाईत आहे. आपलं डोकं चालत नाही हे तिला कळतं आणि ती घाबरते."

शेत दुसऱ्याला कसायला दिलं. शहरातल्या म्हाताऱ्यांच्या निवासात दोघांना मिळून एक खोली मिळाली. तिथे पिकअप उभी करायला जागा नव्हती, आणि नेस्टरच्या डोळ्यांत मोतीबिंदू. गाडी विकणं भाग होतं.

दुकानातल्या फळ्यावर त्याने चिठ्ठी लावली. गंज, काचेचा तडा, चौथ्या गिअरचा आवाज, उजव्या दारातून येणारं वारं, सगळं लिहिलं. अगदी शेवटी एक ओळ: इंजिन गार असतानाही सुरू होतं. कॉफीच्या टेबलावर लोक पोट धरधरून हसले. "नेस्टर, ही जाहिरात आहे की मृत्युलेख?" फोन आले ते बहुतेक मोडतोडवाल्यांचे, सुटे भाग काढून विकणारे. त्यांना तो नाही म्हणाला.

"चालतेय तोवर तिला कामाला लावणारा माणूस हवाय," तो मला म्हणाला. "आणि नीट सांगून-सवरून द्यायची. माझी ही शेवटची विक्री. उभ्या जन्मात कुणी म्हणालं नाही की नेस्टरने फसवलं. शेवटी तसं व्हायला नको."

तसा माणूस मिळाला. रायली त्याचं नाव, तिशीतला, कुंपणं ठोकायचं काम करणारा, तीन तासांच्या अंतरावर राहणारा. फोनवर त्याने एकच अट घातली. "आदल्या रात्री वायर लावू नका. गार इंजिन सुरू होताना मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. मागच्या वेळी एकाने गाडी आधी तापवून ठेवली आणि मला गंडवलं. घरी नेली तर सुरूच होईना."

"शब्द देतो," नेस्टर म्हणाला.

जेवताना त्याने स्टेफाला समजावलं. तिने शहाण्या मुलीसारखं म्हणून दाखवलं, "आज वायर लावायची नाही. गाडी बघायला माणूस येणार आहे. शब्द दिलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेले, स्टेफाजवळ बसायला. थंडी हाडात शिरत होती. आदल्या संध्याकाळी पडलेला ताजा बर्फ अंगणात पसरला होता. नेस्टर दाढी करून, चांगला शर्ट घालून खिडकीशी बसला होता. कुणी संशय घ्यायला नको म्हणून तो उठल्यापासून गाडीकडे फिरकलाही नव्हता.

रायली आला, बूट आपटत सरळ गाडीकडे गेला. नेस्टर टोपी घालून बाहेर पडला. मी कॉफी ओतत होते, तेवढ्यात स्टेफाही कोट चढवून निघाली, आणि तिच्यामागे मी.

रायली गाडीच्या पुढे उभा होता. खाली वाकला, सरळ झाला. त्याच्या हातात वायर होती, आणि तिचं दुसरं टोक खांबावरच्या सॉकेटमध्ये होतं. मग त्याने बॉनेट उघडलं, हातमोजा काढला आणि इंजिनवर तळवा टेकला.

"वा, आजोबा," तो म्हणाला. "चांगलं ऊबदार ठेवलंय की."

नेस्टर जमिनीकडे बघत होता, म्हणून मीही बघितलं. घराच्या दारापासून खांबापर्यंत बर्फात सपातांच्या खुणा गेल्या होत्या आणि परत आल्या होत्या. लहान पावलं. डाव्या पावलामागे प्रत्येक वेळी एक लांब रेघ. झोपेतून उठून ती आपलं रोजचं काम करून आली होती. रायलीने खाली बघितलं असतं तर त्यालाही कळलं असतं. पण फसलेला माणूस खाली बघत नाही, तो समोरच्याच्या तोंडाकडे बघतो.

"अहो, ऐका जरा," मी सुरू केलं.

"तू कॉफी बघ," नेस्टर म्हणाला. इतक्या वर्षांत तो माझ्याशी त्या आवाजात कधी बोलला नव्हता.

आणि मग स्टेफा बोलली. तिने वायर बघितली, त्या पोराचं तोंड बघितलं आणि नवऱ्याकडे वळली. तिला शब्द आठवत होता. आपलं जाणं-येणं तेवढं आठवत नव्हतं.

"नेस्टर! तू तर म्हणाला होतास लावणार नाही. शब्द दिला होतास ना या मुलाला?"

तो तिच्याकडे बघत राहिला. एक वाक्य पुरलं असतं. रायली काही राक्षस नव्हता. समजलं असतं तर टोपी काढून त्याने माफी मागितली असती आणि दुसऱ्या दिवशी परत आला असता. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण ते स्टेफासमोर सांगावं लागलं असतं, आणि ती आमच्यामध्ये उभी होती, कोटाची बटणं चुकीची लावून, डोळे मोठे करून.

"हो," नेस्टर म्हणाला. "मीच लावली."

"का रे?"

"सुरू झाली नाही तर, अशी भीती वाटली."

"शी!" स्टेफा म्हणाली. "या वयात?" आणि रायलीला म्हणाली, "माफ कर रे बाळा. आमच्या घरात असं कधी झालं नाही."

रायलीने वायर बर्फात टाकली. "तीन तास गाडी चालवून आलो, आजोबा," एवढंच म्हणाला आणि गेला. जाता जाता गावात तेल भरायला थांबला, तिथे बोलला. दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं.

त्यानंतर कॉफीच्या टेबलावर नवा विनोद झाला. कुणी काही विकायला काढलं की दुसरा म्हणायचा, "आधी हात लावून बघ रे, नेस्टरने तापवलं नसेल ना!" नेस्टरने तिथे जाणं सोडलं. मी त्याला म्हटलं, "मी जाऊन सांगते सगळ्यांना. काय लाज आहे त्यात?" तो म्हणाला, "गाव लहान आहे. आज त्यांना सांगशील, उद्या कुणीतरी कणव येऊन तिचा हात धरेल आणि म्हणेल, तुझा दोष नाही गं. मग ती मला विचारेल." मी चिडून घरी आले. खरं सांगायचं तर रडले. पण कुणाला सांगितलं नाही.

गाडी शेवटी मोडतोडवालाच घेऊन गेला. त्याने इंजिन सुरू करून बघायचीही तसदी घेतली नाही, साखळीने ओढून ट्रकवर चढवली.

मी दर रविवारी निवासात जाते. स्टेफाला आता शेत आठवत नाही, मुलगा आठवत नाही, मी कोण ते आठवत नाही. निळी गाडी होती हेही आठवत नाही असं मला वाटलं होतं. मागच्या रविवारी नवीन नर्स आली होती, तिला स्टेफाने नेस्टरची ओळख करून दिली. त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता.

"हा माझा नवरा. फार भला माणूस आहे हो. जन्मात एकदाच लबाडी केली, एका पोराला गाडी विकताना. पण मी मनात ठेवलं नाही."

नर्स हसली. नेस्टरने मान हलवली.

"एकदाच," तो म्हणाला, आणि तिच्या स्वेटरचं चुकलेलं बटण काढून नीट लावू लागला.