रोवणीतले फौजी मामाजी

फौजी मामाजी फोनवर तीनच प्रश्न विचारत. "बोडीत पानी किती हाय? पोरी शाळेत गेल्या? तू जेवलीस?" बोडी म्हणजे आमच्याकडचं शेताचं तळं. उत्तरं मिळाली की फोन बंद. बावीस वर्षं फौजेत असताना त्यांनी शेवंतामामींना हेच विचारलं. पेन्शन घेऊन सानगडीला परतल्यावर, दोन्ही मुली लग्न होऊन सासरी गेल्यावर, मधला प्रश्न गळाला. बाकीचे दोन राहिले. साकोलीला कामाला गेले तरी बसस्टँडवरून फोन यायचाच. मामी वैतागायच्या, "सकारीच तर बोडी पाहून गेले. तीन घंट्यांत कोन पिऊन टाकते थे पानी?"

त्यांचं नाव सुखदेव. आमच्या घराला लागून त्यांचं घर. नात्याने मामा नव्हेत, पण अख्खी आळी त्यांना मामाजीच म्हणायची. माझ्या वडिलांनी घरात पुस्तकांपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त आणली. मी अक्षरं शिकलो ती पत्रकांवर. त्यामुळे वर्दी म्हटलं की मी भांडायला तयार. कॉलेजात असताना एकदा त्यांना अंगणात गाठून विचारलं, "मामाजी, सीमेवर गरिबाचीच पोरं कायले पाठवतेत?"

ते चिडले नाहीत. बूट पॉलिश करत म्हणाले, "प्रश्न बरोबर हाय तुहा, बापू. त्याचं उत्तर मले येत नाई. तू आता हे सांग, बर्फाच्या डोंगरावर भात कसा शिजते?"

"जाळ वाढवून," मी म्हणालो.

"नाई शिजत. सुट्टीवरून मी आपला तांदूळ नेला होता. सुबेदारसाहेबाले म्हटलं, एकदा भंडाऱ्याचा भात खाऊन पाहा. कुकरचं रबर गेलेलं, म्हून गंजात टाकला. दोन घंटे जाळ केला, तरी दाताखाली कचकच. सारी पलटन हसली. फौजेत माही इज्जत गेली ते तेवढ्याच वक्ती."

लढाईबद्दल विचारलं की असा भात वाढायचे. माझा संताप तेवढ्यापुरता तरी निवायचा.

एका वर्षी ऐन रोवणीच्या तोंडावर मामींची कंबर गेली. डॉक्टरांनी वाकायला सक्त मनाई केली. आमच्याकडे धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, बाया करतात आणि टोळीने करतात. आज हिच्या बांधीत, उद्या तिच्या शेतात. ज्या घरची बाई रांगेत नाही, त्या घराची पाळी सगळ्यांत शेवटी लागते. तोवर पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, जून होऊन जातात. पण मामींना शेताची काळजी कमी होती. तीस वर्षं त्या टोळीच्या रांगेत पहिल्या जागेवर होत्या. त्या जागेवर दुसरं कुणी उभं राहणार, हे त्यांना सोसत नव्हतं. दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. मामाजींनी "तू जेवलीस?" विचारलं, तरी उत्तर नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामाजी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, डोक्याला गमछा बांधून बायांच्या रांगेत उभे राहिले. पहिल्या जागेवर.

टोळीतल्या सगुणाबाईंनी विचारलं, "फौजी, वाट चुकले का? बांधीत पऱ्हे आनून टाकनं तुमचं काम. रोवनं आमचं."

"बदलीवर आलो, बाई. शेवंताची ड्यूटी हाय. थे बरी होईपर्यंत जागा तिचीच."

मामाजी कवायत केल्यासारखे वाकले आणि सरळ ओळीत रोवत निघाले. ओळ इतकी सरळ की बाया पाहत राहिल्या. बांधीच्या टोकाला पोचून त्यांनी अभिमानाने मागे वळून पाहिलं. रोवलेलं निम्मं त्यांच्याच पायाखाली चिखलात गेलं होतं. अर्धी रोपं पाण्यावर तरंगत होती. रोवणी मागे सरत करतात, हे ते लहानपणापासून पाहत आले होते. पण गावातल्या बाकी पुरुषांप्रमाणे त्यांनीही ती कधी केली नव्हती, आणि पाय फौजेचे होते. ते आपसूक पुढेच गेले.

बाया हसून हसून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसल्या. मामी तिथेच छत्री घेऊन बसल्या होत्या. दोन दिवसांनी त्यांचा आवाज फुटला. "मागं सरा जी, मागं. रोवून राहिले का तुडवून राहिले?"

"बावीस साल मले शिकवलं, पाय मागं घेयाचा नाई. तू एका मिनटात उलटं सांगून राहिली."

"मंग तठीच राहाचं होतं."

त्या दिवसापासून मामी रोज धुऱ्यावरून हुकूम सोडू लागल्या. "दाट होऊन राहिलं." "बोट खोल घाला." मामाजी "जी" म्हणायचे आणि एक पाऊल मागे सरायचे. चौथ्या दिवशी ते रांगेच्या बरोबरीने चालू लागले. टोळी मामींच्या बांधीत वेळेवर आली. पानठेल्यावर कुणीतरी टोमणा मारला, "फौजी आता बाई झाला म्हनतेत." मामाजी चुना मळत म्हणाले, "हो ना. बढती झाली."

मी पेटून उठलो. रातोरात नव्हे, भर दुपारी बसून एकटाकी पत्रक लिहिलं, 'पुरुषांनो, चिखलात उतरा', आणि सानगडीच्या बाजारात वाटलं. सायंकाळी मामाजी इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याकडे आले. खिशातून चार घड्या घातलेलं पत्रक काढलं.

"लिवलं जबरदस्त. यात तुह्या मामीचं नाव कोठी हाय?"

मी पत्रक वाचत गेलो. नाव नव्हतं. 'पत्नीच्या आजारपणात' एवढंच होतं.

"मी पंधरा दिवस रोवलं, तं माह्यावर पत्रक. थे तीस साल रोवून राहिली, अन् थे नुसती पत्नी? असं कसं, बापू?" मग सहज विचारलं, "तू उतरला होतास का चिखलात?"

"मी लिहीत होतो, मामाजी."

"हां. थेही काम हाय." टोमणा नव्हता त्यात, म्हणून जास्त लागलं.

पत्रक मी पुन्हा छापलं. या वेळी पहिल्या ओळीत शेवंताबाईंचं नाव. मामाजींनी ते आपल्या फौजी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलं.

तीन हंगाम ते मामींच्या जागेवर उभे राहिले. गेल्या वर्षी धान घरात आलं आणि आठवड्याभरात, अंगणात चहा पिता पिता, ते गेले. निरोपाला पुढारी आले. दोन पत्रकं भरतील इतकी भाषणं झाली. एक जण म्हणाला, "आयुष्यात कधी एक पाऊल मागे न घेणारा वीर." मागे डोक्यावर पदर घेऊन टोळीतल्या बाया बसल्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. सगुणाबाईंना रडता रडता हसू आवरेना. मामींनी त्यांना कोपराने ढोसलं, आणि मग त्याही हसल्या.

यंदा रोवणी लागली तेव्हा रांगेतली पहिली जागा रिकामी होती. मी पँट दुमडली आणि चिखलात उतरलो. सगुणाबाई काही विचारायच्या आतच म्हणालो, "बदलीवर आलो." वाकलो, रोवत निघालो. पाच-सहा हात गेलो असेन, तेवढ्यात धुऱ्यावरून ओळखीचा आवाज आला.

"मागं सर बापू, मागं. त्या फौजीले शिकवाले मले चार दिवस लागले. तुले किती लागतेत, पाहू."