कागदावरचा डोळा

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. नवऱ्यापुढेही नाही. आज तुम्हाला का सांगते आहे — तेही नीट सांगता येणार नाही.

मी रोह्याच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. फॉर्मच्या पलीकडे विचार करा, पेशंटकडे आपल्या डोळ्यांनी बघा — दरवर्षी वर्गात हे मीच सांगते. छान सांगते, असं मुली म्हणतात.

प्रॅक्टिकलला मी मुलींना पेणच्या एका हॉस्पिटलात न्यायचे. त्यांतली मनीषा गडब गावची, मिठागरात राबणाऱ्यांची लेक. बोलायची कमी. त्या सकाळी तिच्याकडे एक बाळंतीण होती, जोहे गावची, गणपतीच्या मूर्तींचे डोळे रंगवणारी. तिचं डोकं दुखत होतं, प्रेशर जरासं वर होतं. बाई फार गप्प पडून होती — आणि ते मला दिसलं नव्हतं, असं कसं म्हणू?

मनीषाने तिच्यापुढे कागद धरला, हातात पेन दिलं. "मूर्तीला काढतेस तसा एक डोळा काढ गो, ताई."

रेघ भलतीकडेच गेली. कागद घेऊन मनीषा माझ्याकडे आली. "मॅडम, हिला नीट दिसत नाय. डॉक्टरांना आताच बोलवूया."

मला राग आला. डॉक्टर तापट, त्यांच्यापुढे मी हे चित्र धरायचं? कागद मी तिच्या हातातून काढून घेतला. "चित्रं घरी काढायची. इथे फॉर्म भर."

तासाभरात बाईला झटके आले. जीव वाचला. नजर मात्र पूर्ण परत आली नाही.

चौकशीत मला विचारलं — विद्यार्थिनीने काही सांगितलं होतं का? कागद तेव्हा माझ्या पर्समध्ये होता. मांडीवरच्या पर्समध्ये.

"नाही," मी म्हणाले. "मला काहीच सांगितलं नाही."

मनीषा म्हणाली, "मी सांगितलेलं." एकदाच म्हणाली. तिचं कोण ऐकणार होतं? मी तिथली जुनी शिक्षिका, ती दुसऱ्या वर्षाची मुलगी. ठपका तिच्यावर आला, तिला कॉलेजातून काढून टाकलं. घरी येऊन मी तो कागद गॅसवर धरला आणि पूर्ण जळेपर्यंत तिथेच उभी राहिले.

परवा रोह्याजवळच्या वरसे गावात मनीषा दिसली. गळ्यात कंपनीचं कार्ड, शिफ्टच्या बसची वाट बघत होती. तिनेच विचारलं, "बऱ्या हाव ना, मॅडम?"

मी हो म्हटलं आणि रिक्षात बसले.