बिनलोखंडाची म्होरकी

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या माझ्या घरातली मागची खोली लगामांनी भरली आहे. पट्टे आहेत, डोळ्यांवरच्या झापडा आहेत, बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओतलं विलायती खोगीर आहे. त्यावर लहान पोरं बसवून फोटो काढत. घोडा मात्र नाही. बायको म्हणते, "लोकं आधी घोडा घेतात अन् मंग लगाम. तुमचं सारं उलटंच." म्हणू दे. कुठं जुना लगाम आहे असं कळलं की मी जातो, घेतो, तेल लावतो, खिळ्याला टांगतो. आनंद होतो का म्हणाल, तर खरं सांगतो, काहीच होत नाही.

मिळतात मात्र पुष्कळ. आमच्याकडे जनावर विकलं तरी त्याचं दावं, लगाम देत नाहीत. घरची लक्ष्मी त्याच्यामागं जाते म्हणतात. नव्वदनंतर ऑटो वाढले, वर्ध्याचे टांगे एकेक करून बसले. घोडे गेले, लगाम घरोघरी राहिले.

बाबांचाही स्टेशनवर टांगा होता. आमच्या घोडीची जीभ आधीच्या मालकाकडे लगामाच्या लोखंडानं चिरली होती, म्हणून बाबा तिला म्होरकीवर हाकत. एका मालगुजाराच्या तबेल्यातली जुनी विलायती म्होरकी होती ती. तोंडात काही नाही, नाकावर फक्त चामड्याचा पट्टा. घोडी तेवढ्यावर वळायची.

शेवटी टांगा बंद पडला, तेव्हा ती घोडी आंजी गावच्या एका बँडवाल्यानं वरातीसाठी विकत घेतली. न्यायला आला तो लोखंडाचा लगाम घेऊनच. बाबा मायला म्हणाले, "म्होरकी देऊन टाकू. नाई त तिचं तोंड खराब होईन."

"घोडी गेली थे गेली, आता घरचं बी धाडता का तिच्यामांगं?" माय म्हणाली, अन् म्होरकी काढून आत घेऊन गेली. बाबांनी बँडवाल्याला एवढंच सांगितलं, "तिच्या तोंडात लोखंड नोको घालजो."

"नाई घालत, भाऊ," तो म्हणाला.

दोनेक वर्षांनी माझं लग्न निघालं. बँड मामांनी ठरवला, घोडी बँडवाल्याचीच. बाशिंग बांधून बाहेर येतो तर दारात आमचीच घोडी. अंगावर आरशांची झूल, तोंडात लोखंड, ओठांचे कोपरे सोललेले.  बाबांनी लगाम उतरवला, खांद्यावरचा नवा दुपट्टा तिच्या नाकाभोवती गुंडाळला आणि तो धरून चालू लागले. नवरदेवाचा बापच घोडी धरून चालला म्हणून लोक हसले. वाटेत बाबा मायकडे न पाहता म्हणाले, "उद्या म्होरकी देऊन येतो याले." माय या वेळी नाही म्हणाली नाही.

मंडपाशी मी उतरलो. बाबांनी दुपट्टा सोडला. बँडवाल्याला दुसरी वरात गाठायची होती, तो लगाम घेऊन घाईनं आला. त्यानं हात वर करायच्या आतच घोडीनं मान खाली केली आणि लोखंडासाठी आपणहून तोंड उघडलं. बाबा तिच्याजवळच उभे राहून पाहत होते.

मग अक्षता पडल्या, पंगती उठल्या. मला त्या दिवशी काय वाटलं ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं म्होरकी स्वतः काढली, पुसली, बाबांच्या पुढ्यात ठेवली. "जाता ना आंजीले?"

बाबांनी चहा संपवला. म्हणाले, "आता कायले?"