केसरची पाटी

राही माझ्याकडे आली तेव्हा तिच्या ट्रंकेत चार लुगडी, घरच्या सुपाऱ्यांची पिशवी आणि मुक्याबहिऱ्या मुलांना कसं शिकवावं याचं एक जाडजूड पुस्तक होतं. साल एकोणीसशे चौतीस. मुंबईला अशा मुलांची एक शाळा होती, तिथं दिवाळीनंतर तिला सरावाचे पाठ द्यायचे होते. त्याआधी एखाद्या जुन्या शिक्षिकेच्या हाताखाली तयारी करून या, असा हुकूम. मी आवडाबाई, थळच्या मुलींच्या शाळेत सतरा वर्षं काढलेली. बहिरं मूल कसं शिकवतात ते मला काडीचं ठाऊक नव्हतं. पण "येत नाही" म्हणायची मला सवयच नाही, त्याला कोण काय करणार!

कोळीवाड्यातल्या बुधाजीची केसर जन्मापासून बहिरी होती. आठ वर्षांची, डोळे असे तल्लख की अंधारात सुईत दोरा ओवावा. मी जाऊन बुधाजीशी भांडभांड भांडले, तेव्हा तो कसाबसा कबूल झाला.

"नारळी पुनवेपावेतो न्या, बाय. तवर होड्या वाळूवर हायेत. पुढं मासळी सुकवायला आयशीला हात लागंल. काय शिकली तं ठेवू, न्हाय तं न्हाय."

ज्येष्ठ लागला होता. जेमतेम अडीच महिने.

राही रोज सकाळी पाठाचं टाचण माझ्यापुढे धरी आणि मी लाल पेन्सिल घेऊन त्याच्यावर तुटून पडे. ती हसायची! मी ओरडले की जास्तच. वस्तू दाखवायची, तिच्या नावाची पुठ्ठ्याची चिठ्ठी शेजारी ठेवायची, मग पाटीवर गिरवून घ्यायचं, अशी आमची रीत. तांब्या, फणी, दोरी, पाट... केसरनं पंधरा दिवसांत वीस शब्द गिळले. राही नाचायचीच बाकी होती.

मग आला मासा. श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाडीत वाढलेली राही. मासळीचा वास आला की नाकाला पदर. तरी बिचारीनं सुका बोंबील चिमटीत धरून दाखवला आणि चिठ्ठी ठेवली, 'मासा'. केसरनं गिरवलं. दुसऱ्या दिवशी खारवलेला बांगडा दाखवला. चिठ्ठी तीच.

केसरनं चिठ्ठीकडे पाहिलं, बांगड्याकडे पाहिलं, राहीकडे पाहिलं. मग तिनं तांब्या, फणी, दोरी, सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि दाराबाहेर चिखलात भिरकावल्या. पुढचे चार दिवस ती पाटीला शिवेना.

"हट्टी कार्टी! दोन रट्टे दे, सुतासारखी सरळ होईल," मी म्हणाले.

राही पहिल्यांदाच हसली नाही. "बाई, चूक तिची नाही. आपलं काहीतरी चुकतंय," म्हणाली आणि छत्री घेऊन निघाली ती थेट बुधाजीच्या घरी. मीही गेले मागोमाग, तणतणत.

केसरची आई सगुणा सुकी मासळी निवडत बसली होती, आणि समोर केसर. सगुणा हातानं विचारी, केसर हातानं सांगे. बोंबलाला मनगट लुळं सोडायचं, मांदेलीला बोटं चुरचुर हलवायची, बांगड्याला पालथा हात ताठ धरायचा. राही टक लावून बघत राहिली.

"सगुणाताई, नुसता मासा म्हणायचं तर हात कसा करता?"

सगुणाला हसू फुटलं. "नुसता मासा कंचा असतो, बाय?"

तेव्हा कुठं मला कळलं. काल बोंबलाला जे नाव, तेच आज बांगड्याला! कोळ्याच्या पोरीला ते ढळढळीत खोटं वाटणार नाही तर काय? आणि ते टाचण मी पास केलं होतं, सतरा वर्षं थळात राहून! लाज वाटली मला, खरंच सांगते.

त्या दिवसापासून राही रोज सगुणाच्या ओटीवर. नाकावरचा पदर सोडून एकेक मासा हातात घ्यायची, केसरकडून खूण शिकायची, मग तिला अक्षरं द्यायची. आधी शिष्य, मग गुरू. पाचव्या दिवशी केसर आपणहून पाटी घेऊन बसली.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बुधाजी टोपली घेऊन शाळेत हजर. त्याला अक्षरओळख नव्हती, पण माणूस पक्का. आम्हा दोघींना आत बसवलं, केसरला बाहेर नेलं. टोपलीतलं काहीतरी तिला दाखवलं आणि तिनं लिहिलेली पाटी आत आणली.

"वाचा."

"बांगडा," राही म्हणाली.

बुधाजीनं पाटी उचलली. परत गेला, परत आला. "मांदेली." पुन्हा गेला. "बोंबील." चौथ्या खेपेला बराच वेळ लागला. राहीनं माझं मनगट आवळून धरलं.

पाटी आली. राहीनं पाहिली आणि माझ्यापुढे सरकवली. मी वाचलं, "मासा."

बुधाजीनं टोपली आत आणून आमच्यापुढे ठेवली. त्यानं ह्या वेळी पोरीपुढे एकेक मासा नाही, अख्खी टोपलीच धरली होती.

दारात केसर उभी होती, बापाच्या तोंडाकडे बघत. त्यानं डोळे पुसले, पाटी स्वच्छ केली आणि तिच्या हातात परत दिली. मग राहीकडे वळून म्हणाला, "बाय, आता हिला माजं नाव शिकवा."