डोह उपसू दिला नाही

नदी आटली की लोक नदीला नावं ठेवतात, उपसणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही. मी म्हटलं. त्याचं काय झालं तेही सांगते.

महायुद्धाचे दिवस होते. आमचे मालक प्रवरेकाठच्या एका गावात नगरपालिकेच्या पाण्याच्या इंजिनावर कामाला होते. इंजिनघराला लागून आमची खोली आणि दारातच डोह. मी पारनेरकडची, कोरडवाहू रानातली. जिवंत मासा पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर. भांडी घासायला बसले की खरकट्यावर मरळ यायची, तांबड्या पिल्लांचा घोळका बरोबर घेऊन. मी मासे खात नव्हते असं कुणी समजू नये. आवडीनं खात होते.

त्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी कालव्यांतच जिरलं. नदीची नुसती वाळू झाली आणि वरचे-खालचे सगळे मासे आमच्या डोहात येऊन दाटले. डोहात मधोमध एक खडक होता. पाणी त्याच्या खाली गेलं की इंजिन बंद ठेवायचं, ही जुनी रीत. खालचं पाणी माशांचं. भोईसुद्धा त्या दिवसांत तिथं जाळं टाकत नसत. खालच्या आळीला नळ नव्हतेच. त्या बायका वाळूत झिरे उकरायच्या, पाणी झिरपलं की करवंटीनं घागर भरायच्या. आमचं पाणीही तेच. नळ वरच्या आळीला.

एका सकाळी नगरपालिकेचे अध्यक्ष डोहावर आले.

"नळ कोरडे पडलेत. पाइप खडकाच्या खाली सोड आणि इंजिन चालू कर," ते मालकांना म्हणाले.

मालक म्हणाले, "जी." साहेबलोकांपुढं त्यांच्या तोंडून दुसरा शब्द निघत नसे. मी त्यावरून त्यांना रोज चिडवायची. त्या दिवशी मात्र अंगाचा तिळपापड झाला.

"साहेब, तळ उपसला तर समदं मासं मरत्याल," मी म्हणाले.

"बाई, माणसं मोठी की मासे?"

हा प्रश्न आठवला की माझं डोकं आजही भणभणतं. जसं काही गाव तहानेनं तडफडत होतं! साहेबांच्या बंगल्यातला मोगरा त्या उन्हातही टवटवीत होता, मी स्वतः पाहिला होता.

"मानसं झिऱ्यावर पानी भरत्यात, साहेब. तुमचा मोगरा तेवढा येत न्हाई."

साहेब लालबुंद होऊन निघून गेले. मालक पाइप खाली सोडायला उठले. मी काय केलं, इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल उचललं, दारात ठेवलं, त्यावर पाट टाकला आणि वर बसून ज्वारी निवडायला लागले.

"अगं, नोकरी जाईल की!"

"जाऊ द्या. दुष्काळ पडला म्हनून कुनी बियानं खातं व्हय? मग पुढं पेरायचं काय?"

दुपारी साहेब दोन शिपाई घेऊन परत आले. पण बाईमाणसाला हात लावून उठवणार कोण? झिऱ्यावरच्या बायका घागरी ठेवून माझ्याभोवती उभ्या राहिल्या. नवीन हँडल मागवावं, तर लढाईमुळे लोखंडाचा तुकडा मिळत नव्हता. शिपाई कपाळावरचा घाम पुसत परत गेले.

दुसऱ्या दिवशी वरच्या आळीतल्या बायका वाळूत उतरल्या. आधी नाकं मुरडली, मग करवंटी धरायला शिकल्या. कुणी तहानेनं मेलं नाही. मोगरा वाळला, हे खरं. मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पुढं धरणातून नदीला पाणी सुटलं, डोह भरला आणि मरळ पिल्लं घेऊन पांगली. त्याच आठवड्यात आम्हाला कचेरीत बोलावणं आलं.

"बायकोला माफी मागायला सांग," साहेब मालकांना म्हणाले, "नोकरी राहील."

मी दारात उभी होते. उत्तर जिभेवर तयार होतं, चांगलं तिखट. तेवढ्यात मालकांनी खिशातून इंजिनघराची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"ती माफी मागनार न्हाई, साहेब. आन् मीबी मागनार न्हाई."

मग आम्ही दोघं खोलीवर गेलो आणि भांडी बांधायला लागलो.