येळवशीच्या दिवशीचे फोन

मी फोनवर बसायचे तेव्हा कंपनीत आम्ही नऊजण होतो. लातुरात एका खताच्या दुकानावरच्या दोन खोल्या होत्या. शेतकऱ्याला ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, मळणीयंत्र भाड्यानं हवं असेल तर त्यानं मोबाइलवरच्या अॅपमधून मागवायचं, असं ते काम. ज्याला अॅप जमायचं नाही तो फोन करायचा आणि तो फोन मी उचलायचे. म्हणजे सुरुवातीला जवळपास सगळेच फोन करायचे.

"हाव, बोला," म्हटलं की माणूस सुरू व्हायचा. तारीख कुणी सांगत नसे. 'बाजार झाल्यावर', 'पाव्हणे गेल्यावर', 'तूर जरा वाळू द्या मग' अशी उत्तरं यायची आणि त्यातून मी तारीख काढायचे. देगलूरकडचे लोक मधेच तेलुगूत शिरायचे. मला तेलुगू येत नाही, पण 'रेपु' म्हणजे उद्या, एवढं दोन आठवड्यांत कळलं. चाळिशी ओलांडल्यावर मिळालेली ही माझी पहिली टेबलखुर्चीची नोकरी होती आणि ती मला चांगली जमत होती.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला, येळवशीला, ऑफिस बंद असायचं. त्या दिवशी आमच्याकडे गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कुणी औत धरत नाही, मशीन चालवत नाही. आम्ही नऊजण माझ्या भावाच्या शेतात जायचो. जेवायला भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. मालक उदगीरकडचा इंजिनिअर, माझ्याहून बराच लहान. आंबील पिऊन तो बांधावर आडवा व्हायचा आणि मधेच दचकून उठायचा.

"ताई, फोन कोण उचलायलंय?"

"येळवशीला कोण फोन करतंय? झोपा गपचूप."

मग कंपनी वाढली. बाहेरून मोठं भांडवल आलं, मालक पुण्याला गेला आणि आम्ही बायपासवरच्या काचेच्या इमारतीत आलो. माणसं इतकी झाली की ओळखपत्र गळ्यात अडकवावं लागलं. नव्या जागेला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. खताच्या दुकानावर बाईमाणसासाठी संडासाची सोय नव्हती; नऊजणांतल्या आम्ही दोघी बायका शेजारच्या शिंपीणबाईंच्या घरी जायचो. इथं ती सोय होती, घरी सोडायला गाडी होती, विमा होता. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन त्या विम्यावरच झालं. नायगावसारख्या गावांतल्या मुलींना पुणं न गाठता नोकरी मिळाली. हे सगळं मला आवडलं आणि अजूनही आवडतं.

आवडला नाही तो चार मिनिटांचा नियम. फोन चार मिनिटांत संपला पाहिजे आणि सुरुवात ठरलेल्या वाक्यानं झाली पाहिजे: 'नमस्कार, आमच्या सेवेत आपले स्वागत आहे.' ते ऐकून निम्मे लोक फोन ठेवायचे. त्यांना वाटायचं, बँकेची टेप लागली.

सुट्ट्यांची यादी पुण्याहून आली. तिच्यात येळवस नव्हती. विचारलं, तर हे काय असतं, असा उलटा प्रश्न आला. आम्ही कामावर गेलो. सगळी मळणीयंत्रं त्या दिवशी रिकामी दिसली म्हणून सिस्टीमनं पुढच्या दोन दिवसांची तुरीची कामं आपोआप त्याच दिवसावर ओढली आणि सगळ्यांना सकाळी मेसेज गेले. ड्रायव्हर आपापल्या शेतात जेवायला बसलेले. साडेनऊपासून फोन सुरू झाले.

"बाई, आज येळवस हाय. तुमच्या कंपनीत एकाला बी शेत न्हाई का?"

"हाय मामा. सुट्टी न्हाई."

तो खो खो हसला. "मंग या की जेवाया. भज्जी लई झालीय."

त्या दिवशी मी ठरलेलं वाक्य एकदाही म्हटलं नाही. एकेकाला शांत केलं, ड्रायव्हरला फोन लावला, ज्याचं त्याचं काम आधीच्या दिवसावर बसवलं. काही फोन वीस-वीस मिनिटं चालले. संध्याकाळपर्यंत माझ्याकडची एकही ऑर्डर रद्द झाली नाही. महिन्याच्या शेवटी फोनची मिनिटं आणि ठरलेलं वाक्य मोजून प्रत्येकाला गुण लागले. सगळ्यांत कमी मला.

पुढच्या आठवड्यात मालक आला. काचेच्या खोलीत मला बोलावलं.

"ताई, त्या दिवशी तुम्ही वाचवलं आम्हाला. पण तुमच्यासाठी नियम मोडला तर दीडशे जणांसाठी मोडावा लागेल. वरच्या मजल्यावर या. दुसऱ्यांचे कॉल तपासा. मोठं पद आहे."

"मला फोनच द्या की."

"देतो. चार मिनिटांत."

"माणूस बोलून मोकळा झाला की ऑर्डर पक्की, हे कोण म्हणायचं?"

"मीच म्हणायचो. तेव्हा आपण नऊजण होतो."

मी एक दिवस मागून घेतला. हिशोब साधा होता. चार मिनिटांत माणूस तोडणं मला जमणार नव्हतं आणि कमी गुणांवर सहा महिन्यांत घरी बसावं लागलं असतं. मुलगी नांदेडला शिकत होती. मी वर गेले.

आता दिवसभर कानाला हेडफोन लावून मी दुसऱ्यांचे फोन ऐकते. माणूस बोलायला लागला की उत्तर माझ्या तोंडात तयार असतं, पण तो फोन कालचा असतो. परवा असाच एक ऐकत होते. म्हातारा आवाज, नव्या मुलीनं घेतलेला फोन. मशीन ठरलं, दिवस ठरला. मग त्यानं विचारलं, "पोरी, तू कुठली गं?"

"सर, आणखी काही मदत हवी आहे का?"

तो "न्हाई," म्हणाला आणि फोन ठेवला.

मुलीचं काहीच चुकलं नव्हतं. मी तिला पूर्ण गुण दिले. मग तेवढा तुकडा मागे घेऊन परत लावला आणि त्यानं विचारल्यावर म्हटलं, "इकडचीच हाय, मामा."

शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं मान वळवली. "मॅडम, रेकॉर्डिंग आहे ते."

"ठाऊक आहे," मी म्हटलं आणि पुढचा कॉल लावला.