लाडवांचा डबा

"आडनाव काय म्हणाला?" त्या बाईंनी विचारलं.

तुमच्या सुमेधमामानं सांगितलं. बाईंच्या हातात स्टीलचा डबा होता, उघडा. आत बेसनाचे लाडू. झाकण बंद झालं.

थेरगावच्या एका रक्तपेढीबाहेरची ही गोष्ट. बाईंच्या तरुण मुलाला डेंगी झाला होता, प्लेटलेट्स फार खाली गेल्या होत्या. सुमेध चाकणहून शिफ्ट संपवून थेट आला. तासाहून जास्त वेळ मशीनला जोडलेला बसला, प्लेटलेट्स देऊन नुकताच बाहेर आला होता. मी, त्याची आई, सोबत होते.

इकडे रीत आहे. रक्त देणाऱ्याला पेशंटच्या घरचं माणूस स्वतःच्या हातानं काहीतरी खाऊ घालतं.

"लाडू जरा खवट लागत्यात," बाई म्हणाल्या. "बिस्किटं हायत. पुड्यातली."

मग शेजारी बसलेल्या जावेला त्यांनी त्याच डब्यातला लाडू दिला.

सुमेध हसला. "चालेल काकू."

ते हसू माझ्या ओळखीचं. शाळेत मी इंग्रजी शिकवायचे. माझ्या इंग्रजीचं कौतुक व्हायचं आणि माझा कप वेगळा ठेवला जायचा. तेव्हा मीही असंच हसत होते.

त्या दिवशी नाही हसले.

"ताई, याच्या प्लेटलेट्स तुमच्या मुलाच्या अंगात जाणार. त्या चालतात?"

बाई खाली बघत म्हणाल्या, "दवाखान्याचं येगळं असतं वो. घरात देवाचं हाय, सासूबाई हायत..."

पुडा बाकावरच ठेवून आम्ही निघालो.

वैशाली मागून धावत आली. रक्तदात्यांचा ग्रुप तीच चालवते. दिवसभर शिलाई मशीन, कानाला फोन, अनोळखी माणसांसाठी दाते जुळवणं. गुणी पोर. तिच्यामुळे किती माणसं बरी होऊन घरी गेली.

"काकू, माफ करा. यापुढं मी दात्याचं नुसतं पहिलं नाव कळवत जाईन. कटकटच नको."

झाकणापेक्षा हे जास्त लागलं.

दोन दिवसांनी त्याच मुलाला पुन्हा प्लेटलेट्स हव्या होत्या. "आई, जाऊ?" सुमेधनं विचारलं.

"जा. त्या पोराचा काय दोष?"

तो गेला. मुलगा वाचला नाही.

मी पिंपळे गुरवला त्यांच्या घरी भेटायला गेले. मला बघताच बाईंनी हंबरडा फोडला. "तुमच्या लेकानं लई केलं वो. माझाच न्हाई ऱ्हायला." मी त्यांचा हात धरला. मीही रडले. खरंच रडले, माझ्या लेकाच्या अंगातलं काहीतरी त्या पोराबरोबर गेलं होतं.

मला कुणी पाणी विचारलं नाही. मयताच्या घरी कुणालाच विचारत नसतील. पण त्यामुळं की आपल्या आडनावामुळं, हे मला मनात तपासून बघावं लागलं. भरल्या डोळ्यांनीसुद्धा.

मुलांनो, आता ग्रुपचे दुपारचे फोन मी घेते. दात्याला विचारून नातेवाइकांना त्याचं पूर्ण नाव सांगते. आडनाव आधी, ठणठणीत आवाजात. कुणाला नको असेल तर त्यानं तसं मला फोनवर, तोंडानं म्हणावं. मी ऐकून घेईन आणि दुसरा दाताही शोधून देईन, कारण पेशंटला मरू द्यायचं नाही.

पण आडनाव झाकून आपल्या घरातलं रक्त यापुढं कुणाला जाणार नाही.